टँकर दोन्हीकडे येतो: आष्टीतलं गाव, पुण्यातली सोसायटी आणि पाण्याचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात तुमचं दोन हजार वस्तीचं, साधारण हजार हेक्टर शिवाराचं गाव आहे. गेल्या काही वर्षांत तिथं नाला खोलीकरण झालं, सिमेंट बंधारे झाले, डोंगरावर चर खणले, तरी एप्रिल उजाडला की टँकर लागतो. तुम्ही स्वतः राहता पुण्यात, शंभर फ्लॅटच्या सोसायटीत, आणि तिथंही मार्चपासून टँकर लागतो. दोन्ही ठिकाणी टिकेल असं काय करता येईल?

मी बेसाल्टच्या खडकातल्या भूजलावर काम करते, गावांतही आणि शहरातही. माझं उत्तर दोन्हीकडे एकच आहे. आधी पिण्याचं पाणी आकडा लिहून, सगळ्यांसमोर बाजूला काढा. उरलेलं कुणी किती वापरायचं, हे पेरणीच्या आधी ठरवा. बंधारे, चर, शोषखड्डे ही कामं त्या ठरावाच्या सोबत हवीत. ठराव नसेल तर सगळ्या गावानं अडवलेलं पाणी ज्याचं बोअर सगळ्यात खोल, त्याच्या शेतात जातं. तुमच्या गावात बहुतेक हेच घडलं आहे.

सुरुवात खडकापासून करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभागाखाली बेसाल्ट आहे. लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. प्रत्येक थराचा खालचा भाग सहसा घट्ट काळा पाषाण असतो, वरचा भाग बारीक पोकळ्यांचा असतो, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि कुठं कुठं दोन थरांच्या मध्ये लाल गेरूची पट्टी लागते. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात आणि त्याखालच्या भेगाळलेल्या खडकात. गंगेच्या मैदानात शंभर घनमीटर वाळूतून दहा-पंधरा घनमीटर पाणी सुटतं. आपल्या बेसाल्टमधून सुटतं ते एक ते तीन घनमीटर. म्हणून दोन चांगले पाऊस झाले की आपल्या विहिरी तुडुंब भरतात, आणि उपसा सुरू झाला की तितक्याच वेगानं तळाला जातात. यंदाचं पाणी पुढच्या वर्षासाठी शिल्लक ठेवण्याइतकी जागाच या खडकात नाही. प्रत्येक ऑक्टोबरला हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

आणि खाली? पाचशे-सातशे फुटांवर बोअरला पाणी लागतं, हे खरं आहे. ते अरुंद फटींमध्ये साचलेलं असतं आणि तिथं नवं पाणी फार सावकाश पोचतं. पहिल्या वर्षी तीन इंची धार देणारं बोअर तिसऱ्या वर्षी धूळ फेकतं, हे तुमच्या भागात प्रत्येकानं पाहिलेलं आहे. त्याहून वाईट म्हणजे खोल बोअरला वरचा पाणी असलेला थर केसिंग घालून बंद केला नसेल, तर शेजारच्या सात परस, म्हणजे सात पुरुष खोल, विहिरीचं पाणी त्या भोकातून खाली उतरतं. ज्याची विहीर आटते त्याला कारण कळत नाही, तोही कर्ज काढून बोअर मारतो, आणि मग गावात स्पर्धा लागते.

आता तुमच्या गावाचा हिशेब. मोजमाप टीसीएममध्ये करू, म्हणजे हजार घनमीटर, म्हणजेच दहा लाख लिटर. पाणलोटाच्या कामात आणि सरकारी आराखड्यांत हेच माप चालतं. हजार हेक्टरवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर शिवारात ५,००० टीसीएम पाणी पडतं. आकडा ऐकून छाती फुगते, पण यातला फार मोठा भाग मातीच्या ओलीत जातो, खरिपाची पिकं आणि गवत पितं, आणि ऊन उडवून नेतं. काही ओढ्यानं वाहून जातं. बेसाल्टच्या भागात जमिनीत मुरतो तो पावसाचा सात ते तेरा टक्के भाग. तुमच्याकडची उताराची जमीन पाहता मी आठ टक्के धरते: ४०० टीसीएम. बंधारे आणि तलावात अडलेलं आणखी १५० धरू. एकूण ५५० टीसीएम हे गावाचं पावसाळ्यानंतरचं पाणी.

यातून पिण्याला आणि घरवापराला किती लागतं? जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. दोन हजार माणसं, ३६५ दिवस: ४० टीसीएम. जनावरांना आणखी २० द्या. एकूण ६०. म्हणजे साडेपाचशेतले साठ, अकरा टक्के. तुमच्या गावाला टँकर लागतो तो या अकरा टक्क्यांसाठी. हा आकडा मी प्रत्येक गावात फळ्यावर लिहिते आणि थांबते. लोक आपोआप पुढचा प्रश्न विचारतात: मग बाकीचं गेलं कुठं?

उसाला वर्षाला दोन ते अडीच मीटर पाणी लागतं. पावसाळ्यात मिळणारा वाटा वजा केला, तरी पाटानं दिल्यास हेक्टरी पंधरा-वीस टीसीएम उपसावं लागतं. पाच-सहा एकर उसाचं पाणी आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी सारखंच भरतं. गावात पन्नास एकर ऊस असेल, तर तीनशे ते चारशे टीसीएम तिथंच गेलं. त्यातलं थोडं पुन्हा जमिनीत मुरतं, ठिबकनं बरंच वाचतं, पण हिशेबाचा तोंडवळा बदलत नाही. त्याच पाण्यात रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाळ्या, म्हणजे पीक वाचवण्यापुरतं दोनदा पाणी, द्यायच्या म्हटल्या, तर हेक्टरी एक-सव्वा टीसीएम पुरतं, आणि शे-दोनशे कुटुंबांचं रान भिजतं. ऊस लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कारखाना उचल देतो, भाव ठरलेला असतो, पीक जनावर खात नाही की गारपिटीत पूर्ण झोपत नाही. त्याला दुसरं काय परवडेल, हा प्रश्न हिशेबाइतकाच खरा आहे. तुमच्या बालाघाटाच्या पट्ट्यात सीताफळ आहे, तूर आहे, तुतीवरचं रेशीम आहे, दूध आहे. दुधालाही चारा आणि पाणी लागतं, म्हणून चाऱ्याचं क्षेत्र हिशेबात धरायला विसरू नका.

मग इतकी कामं होऊन फरक का पडला नाही? जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. देशाच्या महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०२० मधल्या अहवालात नोंद आहे की ९,६०० कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यावर फार परिणाम दिसला नाही. काही गावांत कामं उत्तम झाली, मी पाहिली आहेत. पण सरसकट काय चुकलं ते सांगते. जेसीबी आणि पोकलेन आले की खोदाई नाल्यात होते, कारण तिथं ती सोपी आणि मोजायला सोयीची असते. एक किलोमीटर नाला, दहा मीटर रुंद, दोन मीटर खोल: एकदा भरला तर २० टीसीएम. तो पावसाळ्यात तीन-चारदा भरून मुरला तर साठ-सत्तर. आणि शिवारभर पाण्याची पातळी फक्त एक मीटरनं वाढली, खडकाची क्षमता दोन टक्के धरली, तर २०० टीसीएम. म्हणजे खरं काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत पसरलेल्या जमिनीवर आहे: डोंगरावर सलग समतल चर, उतारावर बांधबंदिस्ती, गवत, आणि मग शेवटी नाला.

शिवाय नाला खोदताना मुरूम ओलांडून काळ्या पाषाणापर्यंत गेलात, तर खाली पाणी मुरत नाही. साठतं, दिसायला छान दिसतं, आणि मार्चपर्यंत उडून जातं. त्याहून नुकसान तेव्हा होतं जेव्हा खोदाई शेजारच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या खाली जाते. मग विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं. काठावर तशीच टाकलेली माती पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा पात्रात येते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सीना नदीच्या काठानं जो पाऊस आणि पूर आला, त्यानंतर तर हे प्रत्येक ओढ्यावर जाऊन पाहायला हवं. दुष्काळाचं काम आणि पुराचं काम वेगळं नसतं. डोंगरावर थांबलेलं पाणी ओढ्याला एकदम फुगवत नाही.

एक छोटी गोष्ट, जिला पैसेही फारसे लागत नाहीत. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारं पावसाचा जोर ओसरताच, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बसवायला हवीत. किती बंधाऱ्यांची दारं गंजलेली, रबर फाटलेलं, किंवा चोरीला गेलेली असतात. नव्या बंधाऱ्याचा प्रस्ताव करण्याआधी जुन्याची दारं मोजा.

आता ठरावाकडे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरेबाजार सगळ्यांना माहीत आहे, पण तिथं जाणारे लोक डोंगरावरचे चर पाहून येतात. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाल्यावर तिथं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान झालं, डोंगर हिरवा झाला. त्याबरोबर दोन गोष्टी झाल्या, ज्या फोटोत येत नाहीत: शेतीसाठी बोअर नाही, आणि ऊस-केळीसारखी पिकं नाहीत. दरवर्षी पावसाळ्यानंतर गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि पाणी कमी असेल त्या वर्षी रब्बीत काय घ्यायचं, काय नाही, ते ठरवतं. चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या गावात हे चालतं, म्हणून तुमच्याकडे चालणार नाही असं म्हणायला जागा उरत नाही. हे खरं, की तिथं एक खंबीर नेतृत्व होतं. पण नियम वहीत लिहिलेले असले आणि दरवर्षी वाचले जात असले की ते एका माणसावर अवलंबून राहत नाहीत.

त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. त्यांची सूत्रं मला आजही सगळ्यात न्याय्य वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं आणि कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आष्टीतून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. पाणी अडवायच्या श्रमदानात ती कुटुंबं घाम गाळतात आणि पाणी दुसऱ्याच्या विहिरीत जातं. त्यांना वाटा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी कुदळ घेऊन ती का येतील?

कायदाही तुमच्या बाजूचा आहे, फक्त गावात तो फारसा कुणी वाचलेला नसतो. १९९३ पासून पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर शेती आणि उद्योगासाठी मर्यादा घातलेली आहे. अंमलबजावणी कमकुवत आहे, पण ग्रामसभेत ठराव करताना कायद्याचं नाव घेता आलं तर विरोध करणाऱ्याचा आवाज खाली येतो.

प्रत्यक्ष काम कसं करायचं, ते सांगते. आधी गावातल्या सगळ्या विहिरी आणि बोअरची यादी करा: मालक, खोली, कोणत्या खडकात, कोणत्या महिन्यात आटते. मग त्यातल्या वीसेक विहिरी निवडा, काठावर रंगानं खूण करा, आणि दोरीला वजन बांधून त्या खुणेपासून पाणी किती खाली आहे ते मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. पर्जन्यमापक गावातच हवा, शाळेत बसवा. महसूल मंडळाचा आकडा दहा-पंधरा किलोमीटरवरचा असतो आणि आपल्याकडचा पाऊस एका शिवारात पडतो, शेजारच्यात पडत नाही.

दुसरं, पिण्याच्या विहिरीला पाणी कुठून येतं ते शोधा. ती विहीर दिवसभर उपसून आसपासच्या कोणत्या विहिरींची पातळी उतरते ते पाहा. ज्या एकत्र उतरतात, त्या एकाच पाणीधारक थरातल्या. तेवढं क्षेत्र पिण्यासाठी राखीव धरा. त्यात पाच-सात शेतकऱ्यांच्या विहिरी येतील. त्यांनी फेब्रुवारीनंतर उपसा थांबवायचा असेल तर गावानं त्यांना मोबदला द्यायला हवा. एप्रिलमध्ये तहसीलदार विहीर अधिग्रहित करतात तेव्हा पैसे मिळतातच, पण तोवर विहिरीत पाणी उरलेलं नसतं. तेच पैसे फेब्रुवारीत गावानं स्वतःच्या निधीतून दिले तर पाणीही उरतं आणि मनंही. याच क्षेत्रात उघडी गटारं, उकिरडे नकोत. सांडपाण्याचे शोषखड्डे पिण्याच्या स्रोतापासून दूर हवेत.

तिसरं, ग्रामसभा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा ताळेबंदासाठी अगदी योग्य वेळेला येते. रब्बी ज्वारीची पेर तेव्हा चालू असते, कांदा आणि गहू पुढे असतात. त्याआधी होणारी महिलांची सभा निव्वळ कागदावर उरकू नका. हंडा कोण वाहतं, कोणता हातपंप किती वाजता कोरडा पडतो, कोणाच्या शेतातल्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, ही माहिती त्या सभेत मिळते आणि दुसरीकडे कुठंच मिळत नाही. पावसाचा आकडा, विहिरींची पातळी, साठ टीसीएम राखीव, उरलेलं किती आणि त्यात कोणतं पीक किती एकर बसतं, एवढं एका कागदावर मावतं. तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

आणि अवर्षणाचे नियम चांगल्या वर्षीच ठरवा. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ या तिन्ही वेळा मी एकच पाहिलं: पाऊस गेल्यावर नियम करायला बसलेल्या गावात भांडण होतं, कारण तोवर कुणी कांद्याचं रोप टाकलेलं असतं, कुणी उसाचा खोडवा राखलेला असतो. म्हणून आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, सप्टेंबरअखेर पाऊस ४०० मिलिमीटरच्या खाली असेल तर उन्हाळी पीक नाही आणि कांदा निम्मा. ३०० च्या खाली असेल तर पिण्याचं पाणी, जनावरं, चारा आणि फळबागा जगवणं, बाकी काही नाही. आकडे तुमचे तुम्ही ठरवा. लक्षात ठेवा, पाऊस निम्मा झाला तर मुरणारं पाणी निम्म्याहून कमी होतं, कारण पहिला पाऊस मातीच पिऊन टाकते.

दोन गोष्टींबद्दल सावध करते. एक, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. पावसाचं वाहतं पाणी धरण्यासाठी ते उपयोगी आहे. पण अनेक ठिकाणी ते विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरलं जातं. जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्यांचं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं आणि एकट्याचं करायचं. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल तळ्यात साधारण दोन टीसीएम पाणी बसतं आणि जानेवारी ते मे या काळात त्यातला तिसरा हिस्सा तरी हवेत जातो. उपसून शेततळं भरायचं नाही, असा ठराव असायलाच हवा. दुसरी गोष्ट सौर पंपांची. दिवसा वीज मिळणं हे शेतकऱ्याच्या झोपेसाठी, रात्री साप-विंचवापासून वाचण्यासाठी फार मोलाचं आहे आणि मला ते हवंच आहे. पण बिल आणि भारनियमन यांनी उपशावर जो नकळत लगाम होता, तो सौर पंपानं सुटतो. वीज आली की आपोआप सुरू होणारे ऑटो स्विच जसे रात्रभर पाणी सांडतात, तसं ऊन आहे तोवर पाणी वर येत राहील. पंप घेणाऱ्यानं ठिबक आणि पिकाची अट मान्य करावी, एवढं ग्रामसभा सांगू शकते.

आता पुणं. तुमची सोसायटी त्याच बेसाल्टवर उभी आहे, म्हणून खडकाबद्दल लिहिलेलं सगळं तिथंही लागू आहे. शंभर फ्लॅट, चारशे माणसं, माणशी १३५ लिटर: रोज ५४,००० लिटर. पुण्यात सरासरी सातशे मिलिमीटर पाऊस धरा. तुमच्या गच्चीचं क्षेत्र दीड हजार चौरस मीटर असेल, तर एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर या हिशेबानं, गळती वजा करून, वर्षाला आठ लाख चाळीस हजार लिटर मिळतात. सोसायटीची पंधरा-सोळा दिवसांची गरज. पर्जन्यजल संधारण जरूर करा, पण त्यानंच टँकर थांबेल असं कुणी सांगत असेल तर हा भागाकार त्याच्यासमोर करा.

टँकर खरोखर कमी होतो तो दुसऱ्या दोन गोष्टींनी. १३५ लिटरपैकी साधारण ४५ लिटर शौचालयाच्या फ्लशला जातात. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प नीट चालवून ते पाणी फ्लशसाठी फिरवलंत, तर रोज १८,००० लिटर वाचतात. दहा हजारी टँकर जवळजवळ दोन. बहुतेक मोठ्या सोसायट्यांत हा प्रकल्प परवानगीसाठी बांधलेला असतो आणि वास येतो, वीज लागते म्हणून बंद असतो. तो चालवायला प्रशिक्षित माणूस ठेवणं हे टँकरपेक्षा स्वस्त पडतं. तुमच्या इमारतीत फ्लशची नळजोडणी वेगळी नसेल तर निदान बाग, गाड्या आणि जिने धुण्याला ते पाणी द्या. दुसरी गोष्ट मीटर. प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर लावला आणि बिल वापराप्रमाणे केलं, की गळके नळ आणि वाहत्या टाक्या महिन्याभरात दुरुस्त होतात. सर्वसाधारण सभेत विरोध होईल. गावच्या ग्रामसभेत उसाबद्दल होतो तोच हा विरोध आहे.

पुनर्भरण करायचं तर गच्चीवरचं पाणी गाळून, मुरुमापर्यंतच्या खड्ड्यात सोडा. काळ्या पाषाणात खड्डा खणला तर तो हौद होतो. पार्किंगमधलं, रस्त्यावरचं तेलकट पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. एकदा फटीत गेलेली घाण बाहेर काढता येत नाही.

सोसायटीच्या भिंतीबाहेरही पाहायला हवं. पेशवाईत कात्रजच्या तलावातून बांधीव नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत पाणी येत होतं. त्याच कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला, सहकारनगर-अरण्येश्वर भागात भिंती पडल्या, गाड्या वाहिल्या, माणसं गेली. टेकड्यांवर बांधकाम वाढलं, पाणी मुरायची जागा गेली, ओढ्याचं पात्र आवळलं, आणि मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या वस्त्यांमध्ये सप्टेंबरात पाणी शिरलं. तुमच्या प्रभागात टेकडी किंवा ओढा असेल तर विकास आराखड्यावर त्याची हद्द काय आहे ते पाहून या, आणि राडारोडा टाकला जात असेल तर तक्रार लेखी करा.

एकाच धरणावर टेकलेल्या शहराचं काय होतं, ते लातूरनं दाखवलं. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या पुढे, म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली तेव्हाही माणशी साडेसहा लिटरच्या आसपास. गाडी आणणाऱ्यांनी कष्ट घेतले, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण शहराच्या स्वतःच्या विहिरी, आड आणि बारव साफ ठेवलेले असणं, सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना देणं आणि गळती शोधणं यातून मिळणारं पाणी रेल्वेच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि ते दरवर्षी मिळतं. पुण्याला वर चार धरणं आहेत म्हणून हा विचार टाळता आला आहे. त्याच धरणांच्या पाण्यावर दौंड-इंदापूरपर्यंतचे कालवेही अवलंबून आहेत.

शेवटचा मुद्दा टँकरचा. तुमच्या सोसायटीत येणारा खासगी टँकर बहुधा शहराच्या कडेच्या एखाद्या गावातल्या विहिरीवर किंवा बोअरवर भरतो. तिथल्या शेतकऱ्याला पिकापेक्षा पाणी विकणं परवडतं, आणि त्याच्या शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणजे तुमच्या गावातला प्रश्नच तुम्ही पुण्यात पैसे देऊन दुसऱ्या गावात उभा करता आहात. सोसायटीनं टँकरचा करार करताना पाण्याचा स्रोत लेखी मागावा: गाव कोणतं, विहीर की बोअर, खोली किती, ग्रामपंचायतीची हरकत आहे का. पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा करून घ्यावी, त्यात नायट्रेट आणि जिवाणू दोन्ही पाहावेत. आणि दर महिन्याला किती टँकर आले, किती पैसे गेले, याची वही ठेवावी. शुद्धीकरण प्रकल्प सुरू करायचा की नाही, हा वाद त्या वहीतल्या मार्च ते जूनच्या बेरजेवर मिटतो. गावाकडचा पुढचा ताळेबंद करायला बसाल तेव्हा विहिरींची यादी आणि ऑक्टोबरची पातळी मला पाठवा. खडकाचा नकाशा पाहून राखीव क्षेत्र कुठं आखायचं ते आपण बरोबर ठरवू.